जहाजावरची खोली कुणाच्या सोयीची?

माझे एक जुने पेशंट, निवृत्त शिक्षक, गेल्या वर्षी मे अखेरीस पत्नीसह मुंबईहून गोव्याला क्रूझने गेले. लग्नाला पन्नास वर्षे झाली म्हणून मुलाने हौसेने सर्वांत वरच्या मजल्यावरची, अगदी पुढच्या टोकाची, बाल्कनीची खोली घेतली होती. समुद्र खवळलेला. गुरुजींना रात्रभर उलट्या. पोटात अन्न टिकले नाही, पण मधुमेहाची गोळी मात्र नेमाने घेतली. साखर उतरली, चक्कर आली आणि बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून ते पडले. हाड मोडले नाही, हे नशीब.

जाण्यापूर्वी ते मला भेटले होते. मी रक्तदाब पाहून ‘खुशाल जा’ म्हटले. खोली कुठे आहे, हे विचारले नाही. तेव्हा चूक माझीही.

एस.टी.च्या मागच्या बाकावर जेवढे धक्के बसतात तेवढे मधल्या बाकावर बसत नाहीत. जहाजाचेही तसेच. टोकाला उसळी जास्त आणि जितके वर जावे तितके झुलणे जास्त. ज्यांना बस लागते, त्यांनी मध्यभागी, खालच्या मजल्यावरची खोली मागावी. बहुधा ती बाल्कनीच्या खोलीहून स्वस्तही पडते.

मळमळ होते ती पित्ताने नव्हे. कानाच्या आतील तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतो आहोत. खोलीत बसलेल्या डोळ्यांना सारे स्थिर दिसते. या भांडणातून उलटी होते. दूर क्षितिजाकडे पाहिले की भांडण कमी होते. म्हणून खिडकी असलेली खोली बरी. खिडकीच नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त, पण तिथे रात्री मिट्ट काळोख असतो. वयस्कर माणूस लघवीला उठला की त्याला दिशा कळत नाही. अशी खोली घेतलीच तर बाथरूमचा दिवा चालू ठेवावा. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावर कोरोना पसरला. जहाजावरील ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना लागण झाली. प्रवाशांना खोल्यांतच कोंडून राहावे लागले, तेव्हा खिडकीची किंमत कळली!

गुडघेदुखी असलेल्यांनी लिफ्टजवळची खोली आणि खालचाच बिछाना आधी सांगून ठेवावा. रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोठी बॅग खोलीवर यायला वेळ लागतो. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून मिळणारी गोळी निघण्यापूर्वी तासभर आधी घेतली तर उपयोगी. मात्र काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. उलट्या सुरू झाल्यास मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन किती घ्यावे, हेही निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. जेवणाआधी हात साबणाने धुवावेत. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ झपाट्याने पसरते आणि तिच्या विषाणूवर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. खोली निवडताना फोटो कुठून छान येईल, हे पाहू नका; बरोबर येणाऱ्यांत सर्वांत नाजूक प्रकृती कुणाची, ते पाहा. समुद्र काय, डेकवर उभे राहूनही मनसोक्त पाहता येतो.