बेपत्ता वैमानिकाचा हिशेब

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी हैदराबादच्या निजामाने ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या पथकाला बाँबफेकी विमाने नजर केली, प्रत्येकाच्या अंगावर ‘हैदराबाद’ हे नाव आणि अनुक्रमांक रंगविण्यात आला. आणि ज्या दौलतीतून हे औदार्य घडले, ती आमच्या आदिलाबादसारख्या मुलखातील रयतेच्या जमाबंदीवर पोसलेली होती, याचा उल्लेख मात्र विमानांवरील त्या मजकुरात करण्याचे कोणास कारण पडले नाही. त्या विमानांपैकी एक ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनांच्या हाती पडले. त्यातील दोघे युद्धकैदी झाले. विमान बर्लिनच्या संग्रहालयात गेले, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत पोलंडात पोहोचले आणि १९७७ साली एका स्पिटफायरच्या मोबदल्यात लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आले, जेथे त्याच्या कुशीवर निजामाचे नाव आजही वाचता येते.

लाकूडकापडाच्या एका यंत्राचा माग साठ वर्षांनी लागतो. परंतु फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचा लागत नाही. डिसेंबर १९७१ च्या पहिल्या आठवड्यात, भारत-पाकिस्तान युद्धात, ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून सुखोई-७ हे बाँबफेकी लढाऊ विमान घेऊन ते शोरकोट रोडच्या पाकिस्तानी विमानतळावर हल्ल्यास गेले आणि परतले नाहीत. त्याच सुमारास एका पाकिस्तानी वृत्तपत्राने जिवंत पकडलेल्या भारतीय वैमानिकांत ‘टॉम्बे’ हे नाव छापले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी, त्या एका शब्दाच्या आधारे पाच दशके शासनाचे उंबरठे झिजवीत राहिल्या. २००७ साली बेपत्ता सैनिकांच्या नातलगांचे पथक पाकिस्तानच्या तुरुंगांतून हिंडून आले, तेही रिकाम्या हाताने.

त्या युद्धानंतर आमच्याकडे पाकिस्तानचे सुमारे ९३,००० युद्धकैदी व स्थानबद्ध होते. ते सर्व परत गेले. आमच्या बेपत्तांची जी यादी १९७९ साली लोकसभेपुढे आली तीत ४० नावे होती, पुढे ५४ हा आकडा रूढ झाला. पाकिस्तानचे उत्तर एकच, की असा कोणीही आमच्या कैदेत नाही. त्या नकारावर विश्वास ठेवावा की ठेवू नये, हा माझा आजचा विषय नाही. आपल्या दप्तरात काय आहे, हा आहे.

सात वर्षे ज्याची खबर नाही, तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे, असा दंडक १८७२ च्या पुरावा कायद्याने घातला. वारसा आणि मालमत्ता यांचा खोळंबा होऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. परंतु सरकारी मनोवृत्ती, जी फाइल बंद करण्याच्या संधीची वाट पाहत बसलेली असते, तिने या सोयीस कर्तव्यमुक्तीचा दाखला मानले. मृत्यूचे अनुमान काढण्याचा अधिकार न्यायालयास आहे. ज्याने सैनिकास मोहिमेवर धाडले, त्या शासनास तपास सोडण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींत काय केले ते आपण जाणतो. तरी विंडसरजवळच्या रनिमीड येथे, ज्यांची कबर ठाऊक नाही अशा २०,००० हून अधिक हवाई सैनिकांची नावे त्यांनी दगडात कोरली, हे मान्य केलेच पाहिजे. आपल्याकडे मात्र दगडापूर्वी कागद हवा. प्रत्येक बेपत्ता सैनिकाची शेवटची मोहीम, सहवैमानिकांच्या जबान्या, त्या वेळी हाती आलेली वृत्ते आणि पाकिस्तानशी झालेला पत्रव्यवहार संरक्षण मंत्रालयाने नावनिहाय प्रसिद्ध करावा. कुटुंबाला त्याची प्रत मागण्यासाठी खेटे घालावे लागू नयेत. आमच्या जिल्ह्याच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात हाच प्रश्न विचारावा, आणि वाचकांनी त्यांना तसे पत्र लिहावे.