एका खोलीतला कॉम्प्युटर आणि सासऱ्यांची झोप

मैत्रिणींनो, या आठवड्यात डाळी-कडधान्यांना कीड लागू नये म्हणून काय करावं, ते लिहायचं ठरवलं होतं. ते आता पुढच्या अंकात. कारण वरळीच्या बीडीडी चाळीतून एका भगिनीचं चार पानी पत्र आलंय, आणि त्यांच्याकडे भिशीचे पैसे येऊन पडलेत. पैसे घरात फार दिवस टिकत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्यांची थोरली मुलगी अ‍ॅनिमेशन शिकतेय. आता बाहेरची छोटी कामंही मिळू लागलीत, पण ती रात्री बसून करायची. शेजारचा एक हुशार मुलगा सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडून द्यायला तयार आहे. अडचण जागेची. १६० चौरस फुटांची एकच खोली, तीत सहा माणसं. सासऱ्यांना दमा, त्यांचा डोळा लागतो तोच मुळी बारा वाजता. यजमान पहाटे पाचला बाहेर पडतात. बाई लिहितात, “मुलीला काम करू नको म्हणवत नाही, आणि म्हाताऱ्याची झोप मोडलेली बघवत नाही.” शिवाय आणखी एक प्रश्न : आज ना उद्या ५०० चौरस फुटांचं नवं घर मिळणार, मग आत्ताच मोठं, ऐसपैस कॅबिनेट घेऊन ठेवावं का?

कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यात बसवतात तो पत्र्याचा डबा. नवख्यांना वाटतं, डबा तो डबा, त्यात काय बघायचं? मलाही तसंच वाटलं होतं. आमच्याकडे पहिल्यांदा कॉम्प्युटर जोडला तेव्हा भाच्याने सगळं लक्ष आतल्या भागांवर दिलं आणि कॅबिनेट मी पसंत केलं – पुढे काच आणि निळे-जांभळे दिवे, गणपतीच्या मखरासारखं! पहिल्याच रात्री सासूबाई अंथरुणात उठून बसल्या. “गिरणी चालू केलीस की काय गं?” आवाज एक वेळ परवडला, पण ते दिवे! एका खोलीत दिवे लुकलुकत असले की कुणाला झोप यायची? शेवटी त्यावर माझी जुनी साडी टाकली, तर आतली हवा कोंडून पंखे आणखीनच जोरात फिरू लागले.

त्या साडीने मला जे शिकवलं ते असं. कॉम्प्युटरचा आवाज मुख्यतः पंख्यांचा. आतले भाग तापले की पंखे वेग वाढवतात. म्हणजे आवाज कमी हवा असेल तर हवा खेळती हवी. दुकानदार तुम्हाला आतून फोम लावलेलं, चहूबाजूंनी बंद कॅबिनेट दाखवील आणि म्हणेल, “एकदम सायलेंट, ताई.” थंड देशात ते ठीक. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच ३४-३५ अंश असतात, तिथे बंद डबा म्हणजे कुकरच. माझं मत विचाराल तर पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, आणि पंखे मोठे, १२० किंवा १४० मिलिमीटरचे, सावकाश फिरणारे. १२० चा पंखा ८० च्या पंख्यापेक्षा क्षेत्रफळाने सव्वादोन पट असतो, त्यामुळे तेवढीच हवा तो आरामात फिरवतो. छताचा पंखा दोनवर ठेवला तरी खोलीभर वारा लागतो, आणि टेबलावरचा छोटा पंखा नुसता भणभणतो, तसंच हे.

पंख्याची पिनही बघून घ्या, हे फार कुणी सांगत नाही. चार पिनांचा पंखा मदरबोर्डला जोडला की गरजेप्रमाणे हळू-जलद होतो. स्वस्त कॅबिनेटातले दिव्यांचे पंखे पुष्कळदा थेट एसएमपीएसच्या जाड पिनेला जोडलेले असतात. ते रात्रंदिवस पूर्ण वेगाने फिरत राहतात. शेजारच्या मुलाला हा प्रश्न जरूर विचारा. त्याला उत्तर आलं तर मुलगा खरंच हुशार!

आता आकार. कॅबिनेटचं माप लिटरमध्ये सांगतात. आपला तेलाचा पंधरा किलोचा डबा डोळ्यांपुढे आणा. तो साधारण सतरा-अठरा लिटरांचा. नेहमीच्या मदरबोर्डांत लहान तो मिनी-आयटीएक्स, १७ सेंटिमीटर चौरस; त्याचं कॅबिनेट या डब्याएवढं किंवा त्याहूनही लहान मिळतं. दिसायला फार गोड. पण लहान बोर्ड महाग, त्याला लागणारा छोटा एसएमपीएस महाग, रॅमच्या जागा दोनच, आणि दाटीवाटीत पंखे लहान म्हणून आवाज जास्त. नेहमीचं मोठं कॅबिनेट चाळीस-पन्नास लिटरांचं. ते ठेवलंत तर एका माणसाचं अंथरूण कमी करावं लागेल. मधला मार्ग मायक्रो-एटीएक्सचा. बोर्ड साडेचोवीस सेंटिमीटर, किंमत बेताची, रॅमच्या जागा बहुधा चार, आणि कॅबिनेट पंचवीस-तीस लिटरांत बसतं. वरळीच्या भगिनींनी हेच घ्यावं. नव्या घरासाठी मोठं घेऊन ठेवू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या खऱ्या, पण तुमच्या इमारतीची पाळी येईपर्यंत झोपायचं आहे ते याच खोलीत. आणि नव्या घरात लहान डबा काही वाईट दिसणार नाही.

मुलीला ग्राफिक्स कार्ड लागणार का, हे आधी ठरवा. नुसतं व्हिडिओ जोडणं आणि चित्रं काढणं असेल तर प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सवर सुरुवातीला भागतं. उष्णताही कमी, आवाजही कमी, पैसेही वाचतात. त्रिमितीचं काम वाढलं तर कार्ड लागेल, म्हणून कार्डाला किती मिलिमीटर जागा आहे आणि प्रोसेसरवरचा कूलर किती उंच चालतो, ही दोन मापं कॅबिनेटच्या खोक्यावर वाचून घ्या. साठवणीला फिरती हार्ड डिस्क न घेता एसएसडी घेतली तर तिचा आवाज शून्य. (ज्यांना नुसते फॉर्म भरायचे आणि लाइटबिल भरायचं, त्यांनी हा लेख इथेच सोडावा. तळहाताएवढा तयार मिनी कॉम्प्युटर त्यांना पुरे.)

खरेदीला ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर जाल तेव्हा तिथल्या गजबजाटात आवाजाचा अंदाज बांधू नका. तिथे बँडही ऐकू यायचा नाही. हाताने परीक्षा करा. बोहारणीकडून पातेलं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तशी बाजूच्या पत्र्यावर मारा. अर्ध्या मिलिमीटरचा पातळ पत्रा थरथरतो, आणि पंख्यांबरोबर तोच रात्रभर गुणगुणतो. कडांना हात फिरवा. रंग नीट बसला नसेल तर वरळीची खारी हवा दोन पावसाळ्यांत गंज आणते. धुळीची जाळी सुटी निघते का, बघा. चाळीभोवती बांधकामं चालू असताना ती दर पंधरवड्याला धुवावी लागेल, आणि सावलीत पूर्ण वाळवूनच परत लावायची. दम्याच्या माणसाजवळ ती झटकू नका, बाहेर मोरीत न्या.

ठेवायचं कुठे? भगिनी पोटमाळ्याचं विचारतात. नको! गरम हवा वर जाऊन तिथेच साठते. लाकडी कपाटाच्या माथ्यावरही नको, कपाट ढोलकीसारखं वाजतं. सासऱ्यांच्या उशापासून लांबच्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंच घट्ट पाटावर, पायांखाली रबर. एसएमपीएस बहुधा खालून हवा घेतो, तेव्हा तळाशी चादर-गोधडी घालू नका. मागेही चार बोटं भिंत सोडा. आणि तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतीत भोक तीन असतात, तार दोनच. मग पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. घरात लहान मूल असेल तर हे काम कॅबिनेटच्याही आधी करा.

जोडणी झाली की त्या मुलाला म्हणावं, बायोसमध्ये पंख्यांचा वेग जरा उतरवून ठेव, आणि रात्री अकरानंतर, सगळे दिवे मालवून, दार लावून एकदा ऐकायला ये. दिवसा मुळीच कळत नाही.

अन् हो, कॅबिनेटचं पुठ्ठ्याचं खोकं आणि आतला थर्माकोल रद्दीवाल्याला देऊ नका. पोटमाळ्यावर जागा त्यालाच द्या. चावी हातात येईल त्या दिवशी सामान बांधताना लागेल.