वर्दी आणि तिची पोच

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीच्या नव्या दुरुस्त्या १९ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. तातडीच्या घटनेची छाननी ४८ तासांत आणि त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेस इत्तला २४ तासांत, हे राष्ट्रांवरील जुने बंधन कायमच आहे. परंतु या साऱ्या जागतिक व्यवस्थेचा पाया ज्याच्या मेजावर घातला जातो, त्या खासगी वैद्यकीय व्यावसायिकाची स्थिती काय आहे, हे आमच्याकडे आलेल्या वाचकांच्या पत्रांवरून स्पष्ट दिसते.

संशयित रुग्णांच्या नोंदीचा पी फॉर्म भरावा, त्याच डेंग्यू रुग्णाचा तपशील नगरपालिकेच्या निराळ्या तक्त्यात पुन्हा लिहावा, शिवाय दूरध्वनीवरील तगाद्यास तिसऱ्यांदा तोच जबाब द्यावा. आणि इतके करूनही, रवाना केलेल्या नमुन्याचा निष्कर्ष काय निघाला, शेजारच्या गावी साथ आहे की नाही, हे त्याला वर्तमानपत्रातून कळावे, हा प्रकार असह्य आहे. विलंब झाला की खुलाशाची नोटीस मात्र तत्परतेने येते. क्षयरुग्णाची नोंद २०१२ साली सक्तीची झाली, २०१८ साली ती न देणे दंडनीय ठरले. पण वर्दी देणाऱ्यास उत्तर देण्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास कोणती शिक्षा आहे? प्रत्युत्तर हे रोगसर्वेक्षणाचेच अंग असल्याचे त्याच्याच आराखड्यात लिहिले आहे; दफ्तरात ते कोणी वाचलेले दिसत नाही.

राष्ट्रांच्या दरबारातही हाच अन्याय चालतो. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी करोनाच्या नव्या प्रकाराची वर्दी प्रामाणिकपणे दिली आणि दोनच दिवसांत अनेक देशांनी तेथून येणाऱ्या विमानांना दारे बंद केली. वर्दी देणाऱ्याचेच नुकसान होणार असेल, तर पुढची वर्दी वेळेवर कोण देईल?

तथापि, या सबबीवर फॉर्म कोरे ठेवणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंचे समर्थन आम्ही करणार नाही. १८९६ साली मुंबईच्या मांडवीत ग्रंथिक सन्निपात (प्लेग) प्रथम ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस आपल्यासारखेच व्यवसाय करणारे वैद्य होते. त्या साथीच्या धास्तीने पुढल्याच वर्षी व्हेनिसला राष्ट्रांची परिषद भरली. त्या परंपरेचे वारस म्हणविणाऱ्यांनी आळस करावा, हे लांच्छनास्पद आहे.

बंधुभगिनींनो, फॉर्म भरा, मुदतीत भरा; परंतु प्रत्येक फॉर्मसोबत निष्कर्षाची लेखी मागणी जोडा, तिची सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि महिनाभरात उत्तर न आल्यास रुग्णाचे नाव वगळून मागणीची प्रत आमच्याकडे धाडा. अनुत्तरित मागण्यांचा तालुकावार तक्ता आम्ही या मासिकात छापू आणि आरोग्य संचालनालयास सादर करू.