मेहेरबानी नको, कायद्यात लिहून द्या

२० मार्च २००३ रोजी टोनी ब्लेअर यांचे मजूर पक्षाचे सरकार अमेरिकेच्या बरोबरीने इराकवर तुटून पडले. त्याच वर्षी २ डिसेंबरला त्याच सरकारचे नवे नियम इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये लागू झाले: मालक खासगी असला तरी धर्मावरून नोकरी नाकारता येणार नाही, काढता येणार नाही, छळता येणार नाही. पहिली तारीख आपल्या बहुतेक तरुणांना ठाऊक असते. दुसरी मला आजवर एकानेही सांगितलेली नाही.

ब्लेअर यांची वकिली करायला मी बसलेली नाही. ज्या महासंहारक शस्त्रांसाठी युद्ध केले ती सापडलीच नाहीत. शांततेचे मार्ग संपायच्या आधीच युद्धात उडी घेतली, असे चिलकॉट चौकशीने २०१६ मध्ये नोंदवले. लाखो जीव गेले. त्याचा हिशेब कुठल्याही कल्याणकारी योजनेने चुकता होत नाही. माझे भांडण आपल्या सवयीशी आहे. सरकार लंडनचे असो की मुंबईचे, आपण दोनच प्रश्न विचारतो: ते आपल्या बाजूने बोलते का, आणि त्यात आपली माणसे किती? या सरकारने गरिबाच्या हातात असे काय ठेवले जे पुढच्या सरकारला काढून घेता आले नाही, हा तिसरा प्रश्न राहूनच जातो.

हा प्रश्न मजूर पक्षाला लावून बघू.

१९९३ मध्ये हुजूर पक्षाने कमी पगाराच्या धंद्यांतली उरलीसुरली वेतन मंडळे जवळजवळ सगळी मोडून टाकली. शेतमजुरांचे तेवढे वाचले. म्हणजे शिलाईच्या कारखान्यात किंवा हॉटेलच्या भटारखान्यात मालक देईल तो पगार. १९९७ मध्ये मजूर पक्ष निवडून आला, १९९८ मध्ये राष्ट्रीय किमान वेतनाचा कायदा केला आणि १ एप्रिल १९९९ पासून प्रौढ कामगाराला ताशी किमान ३.६० पौंड मिळू लागले. यामुळे लाखो लोक बेकार होतील, अशी ओरड विरोधकांनी केली होती. तसे काही झाले नाही.

पण आकड्यापेक्षा मला या कायद्याची बांधणी महत्त्वाची वाटते. पगार कमी दिला अशी तक्रार कामगाराने केली, की तो कमीच दिला असे कायदा धरून चालतो. पूर्ण दिला होता हे मालकाने सिद्ध करायचे. तपासणीचे काम कर खात्याकडे दिले, ज्याला मालकाच्या वह्या उघडता येतात. दर किती असावा हे सुचवायला मालक, कामगार संघटना आणि अभ्यासक यांचा आयोग नेमला. आणि घरी बसून काम करणाऱ्या बायकांना कायद्यात नाव घेऊन जागा दिली. पूर्व लंडनमध्ये किंवा ब्रॅडफर्डमध्ये घरात मशीन लावून नगावर कपडे शिवणाऱ्या बांगलादेशी आणि पाकिस्तानी बायकांना आधी कोण विचारत होते? २००४ मध्ये नगाचा दरही असा बांधायला लावला की साधारण वेगाने काम करणारीच्या पदरात तासाचे किमान वेतन पडलेच पाहिजे. पुढच्या वर्षी त्यावर वीस टक्के वाढवून दिले, कारण सगळ्यांचा हात सारखा चालत नाही. गोवंडीत, मुंब्र्यात, भिवंडीत नगावर काम करणारी एखादी खाला, आपा तुमच्याही घरात असेल. तिला विचारा, तिच्या नगाचा दर कोण ठरवतो.

या कायद्याच्या कलमांत ‘मुस्लिम’ हा शब्द नाही. तरी सगळ्यात कमी पगारावर राबणाऱ्यांत मुस्लिम बायका मोठ्या संख्येने होत्या, म्हणून फायदा त्यांच्यापर्यंत पोहोचला. २०१० मध्ये हुजूर पक्ष सत्तेत परतला, पण किमान वेतनाला हात लावू शकला नाही. उलट २०१६ मध्ये नाव बदलून दर वाढवला आणि श्रेय घेतले!

आता भेदभावाचे बघा. १९७६ चा वंशभेदविरोधी कायदाही मजूर सरकारचाच. त्यात वंश होता, धर्म नव्हता. १९८३ मध्ये एका शीख मुलाच्या पगडीचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापुढे गेला आणि शीख हा वांशिक गट ठरला. ज्यू आधीच धरले जात होते. मुसलमान मात्र अनेक वंशांचे, म्हणून संरक्षणाबाहेर. ईदची सुटी घेतली म्हणून कारवाई झालेल्या कामगारांना नव्वदच्या दशकात न्याय मिळाला तो ‘आशियाई’ म्हणून. गोऱ्या किंवा काळ्या मुसलमानाला ही वाटही मोकळी नव्हती. २००३ च्या नियमांनी ते भोक बुजवले. त्यामागे युरोपीय संघाचा निर्देश होता, तेव्हा सगळे श्रेय लंडनला देऊ नये. पण २००६ च्या कायद्याने घर, दुकान आणि सेवाही त्यात आणल्या आणि २०१० च्या समानता कायद्याने सगळे एका जागी बांधले. जाता जाता: १९९८ मध्ये पहिल्या दोन मुस्लिम शाळांना सरकारी अनुदान मिळाले, आणि २००३ मध्ये बिनव्याजी घरकर्जावर दोनदा पडणारी स्टॅम्प ड्युटी गेली. आपल्या सभांत याच दोन गोष्टी जास्त सांगितल्या जातात. मी त्यांना दुय्यम मानते.

आता जे टिकले नाही ते. लहान मुलांसाठी ‘शुअर स्टार्ट’ नावाची केंद्रे याच सरकारने उभारली, २०१० पर्यंत सुमारे साडेतीन हजार. तिथे आईला आणि बाळाला आरोग्य, खेळ, सल्ला सगळे एका छताखाली मिळे. केंद्राजवळ वाढलेल्या गरीब मुलांचे निकाल पुढे सुधारले, असे अभ्यासांत दिसले. पण हा अर्थसंकल्पातला खर्च होता. पैसा आटला आणि केंद्रे धडाधड बंद झाली. बालदारिद्र्याचा कायदा २०१० मध्ये झाला खरा, पण त्यात सरकारने स्वतःलाच उद्दिष्टे घालून दिली होती. एखाद्या आईला तो घेऊन न्यायालयात जाता येत नव्हते. २०१६ मध्ये ती उद्दिष्टे पुसली गेली.

आजचे मजूर सरकार याच कसोटीवर घासू. जुलै २०२४ मध्ये कीर स्टार्मर निवडून आले. गाझावरच्या रागाने चार मतदारसंघांत मजूर पक्ष अपक्ष मुस्लिम उमेदवारांकडून हरला. त्यात लेस्टर दक्षिण होता, जिथे एक भावी मंत्री ९७९ मतांनी पडला. राग रास्त होता. पण त्यानंतर काय मागितले?

त्याच महिन्यात दोन मुलांच्या अटीवर मतदान झाले. २०१७ पासून गरीब कुटुंबाला तिसऱ्या मुलासाठी मदत मिळत नव्हती आणि मोठ्या कुटुंबांच्या पाकिस्तानी-बांगलादेशी वस्त्यांना याचा फटका जास्त होता. अट काढा म्हणून पक्षाविरुद्ध मत देणाऱ्या सात खासदारांना पक्षाने संसदीय गटातून निलंबित केले. त्यांत अप्साना बेगम, झारा सुलताना आणि इम्रान हुसेन होते. मग नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याच सरकारने एप्रिल २०२६ पासून ती अट रद्द करण्याचे जाहीर केले. सातांनी शिक्षा भोगून जे मागितले तेच.

डिसेंबर २०२५ मध्ये रोजगार हक्क कायदा झाला. आजारपणाचा भत्ता पहिल्या दिवसापासून, ‘शून्य तासां’च्या करारावर राबणाऱ्याला ठरावीक तासांची हमी, वेतनचोरी पकडायला स्वतंत्र यंत्रणा, असे बरेच काही त्यात टप्प्याटप्प्याने यायचे आहे. अन्याय्य बडतर्फीपासून संरक्षण मात्र पहिल्या दिवसापासून देण्याचे वचन होते. ते सहा महिन्यांवर आणून ठेवले. आधी दोन वर्षे थांबावे लागे, म्हणून हेही कमी नाही. पण वचन मोडलेच.

आणि हेच सरकार स्थलांतरितांना कायम वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षे, आणि वृद्ध-आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांना पंधरा वर्षे थांबवण्याचा प्रस्ताव मांडते. या कामासाठी भारतातूनही हजारो लोक गेले आहेत. प्रस्ताव मांडणाऱ्या गृहमंत्री कोण? शबाना महमूद. ‘आपली माणसे किती’ या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. वांशिक वेतनफरक मालकांना जाहीर करायला लावणारे विधेयकही या सरकारने २०२४ मध्ये कबूल केले. त्याच्या नावात वंश आणि अपंगत्व आहे, धर्म नाही. १९७६ चेच भोक पुन्हा, आणि त्यावर किती मुस्लिम संघटना बोलल्या?

इथे कुणी म्हणेल, लंडनचे पुराण आम्हाला कशाला? कारण आपल्याकडे २००३ ची ती दुसरी तारीख उजाडलेलीच नाही. संविधानाचे सोळावे कलम सरकारी नोकरीला लागू आहे. पंधराव्याने दुकान, हॉटेल, विहीर सर्वांना खुली केली. खासगी कंपनीने नाव वाचून अर्ज बाजूला टाकला, किंवा घरमालकाने नाव ऐकून फोन ठेवला, तर दाद मागायला धर्मभेदाविरुद्धचा स्वतंत्र कायदा नाही. भाड्याचे घर शोधताना माझेही फोन असेच ठेवले गेलेत. सोसायटीचे सभासदत्व एकाच धर्माच्या लोकांपुरते ठेवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात मान्य केले.

सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग सुचवला. माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटाने २००८ मध्ये विधेयकाचा मसुदाही लिहून दिला. तेव्हा केंद्रात ‘आपल्या बाजूचे’ म्हणवणारे सरकार होते. ते २०१४ पर्यंत राहिले, आयोग आला नाही. आम्ही इफ्तारला कोण आले ते मोजत बसलो.

पुढच्या निवडणुकीत उमेदवार मोहल्ल्यात येईल, शादीखान्याचे आणि कब्रस्तानाच्या भिंतीचे वचन देईल. त्याला मेनन यांचा मसुदा दाखवा आणि विचारा की तो वाचला आहे का, विधानसभेत किंवा संसदेत तो कोणत्या अधिवेशनात मांडणार. नगावर काम करणाऱ्या बाईचा दर कोण तपासणार, तेही विचारा. भिंतीचे नंतर बोलू.