शाळेचे नाव आणि दप्तराचे वजन



उधारीवर माल देण्यापूर्वी आपला व्यापारी समोरच्याची बाजारातील पत, जुने व्यवहार आणि जामीन या तिन्ही गोष्टी तपासतो. तोच गृहस्थ नातवाच्या शाळेचा निर्णय मात्र फाटकावरील नाव वाचून घेतो. नाशिकमध्ये ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाला अजूनही असे वजन आहे.

ही प्रतिष्ठा फुकटची नाही. नाशिकरोडला १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाली. पुढे नोकरदारांच्या या वस्तीत जेसुइट धर्मगुरूंचे सेंट झेवियर्स आणि सेंट फिलोमिना कॉन्व्हेंट ही नावे घरोघरी झाली. वेळेची शिस्त, सुबक अक्षर आणि चारचौघांत उभे राहून बोलण्याचे धैर्य या गोष्टी कॅथलिक शाळांनी अनेकांना दिल्या, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत. म्हणजे या शाळांचे बहुसंख्य पालक तुमच्या-आमच्यासारखेच आहेत.

परंतु कर्जाच्या कागदावरील बारीक अक्षरे वाचण्याची माझी जुनी सवय सुटत नाही. शिक्षण हक्क अधिनियम २००९ चे कलम १७ विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करते. कलम १३ प्रवेशासाठी मुलाची व पालकांची चाचणी घेण्यास मनाई करते. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ‘प्रमती’ प्रकरणात हा अधिनियम अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, असा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून विषय सरन्यायाधीशांसमोर ठेवला.

हे वाचून कोणी कॉन्व्हेंटकडे बोट दाखवू नये. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने जैन समाजालाही अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे अल्पसंख्याक दर्जा घेतलेल्या आपल्या विश्वस्त संस्थांच्या शाळाही त्याच रांगेत उभ्या आहेत. याचा अर्थ तेथे मुलाला मारण्याची मुभा आहे असा नाही. बालकाशी क्रूरतेने वागण्यासाठी शिक्षा सांगणारे बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७५ आणि २०१२ चा पोक्सो कायदा सर्वत्र आहेतच. पण ते कायदे अपराध घडल्यानंतर धावून येतात. वर्गातील रोजचा अपमान, भिंतीकडे तोंड करून उभे करणे, लघुशंकेला जाऊ न देणे, या गोष्टी फौजदारी दारापर्यंत क्वचितच पोहोचतात. अशा ठिकाणी शाळेचे स्वतःचे लेखी धोरण हाच मुलाचा खरा जामीन असतो.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी ते धोरण मागावे. एका वर्गात किती मुले बसतात, हेही विचारावे. शिक्षण हक्क कायद्यातील प्राथमिक वर्गांचे प्रमाण तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे आहे; तो कायदा शाळेला बांधील असो वा नसो, मोजपट्टी म्हणून तो उपयोगी पडतो. घरची भाषा बोलल्याबद्दल दंड होतो काय? ज्या शाळेत आठवड्याभराच्या सवयीने मूल मराठी, मारवाडी किंवा गुजराती बोलायला घाबरू लागते, तेथील अस्खलित इंग्रजीचे मोल मी कमीच धरतो.

धर्माचा प्रश्न अनेक श्राविका दबक्या आवाजात काढतात. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचावी, असे त्यांत म्हटले आहे. पर्युषणात मुलाने एकासन केले असेल तर वर्गशिक्षिकेला आदल्या दिवशी दैनंदिनीतून कळवावे. उपाशी मुलाला कवायतीच्या तासाला उन्हात धावायला लावले, अशी तक्रार नंतर करण्यात अर्थ नाही. शेजारच्या मुलाच्या डब्यात काय आहे यावरून नाक मुरडण्याची शिकवण मात्र आपल्या घरातून जाऊ नये. अहिंसेत सहाध्यायीही येतो.

राहिला घराचा वाटा, आणि तो मोठा आहे. राष्ट्रीय शालेय दप्तर धोरण २०२० प्रमाणे पहिली-दुसरीच्या दप्तराचे वजन १.६ ते २.२ किलोपर्यंत असावे आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा. आपल्या दुकानात काटा आहेच. एकदा दप्तर त्यावर ठेवून पाहावे. जास्त भरले तर आत शाळेची पुस्तके किती आणि आपण लावलेल्या शिकवणीच्या वह्या किती, हेही मोजावे. पहिलीच्या मुलाला संध्याकाळी पाठशाळा, नंतर शिकवणी, आणि साडेनऊला दुकान वाढवून वडील घरी येईपर्यंत जागरण! सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरातील मूल साडेदहापर्यंत जागे असते, हा विरोधाभास कोणाच्या लक्षात येत नाही. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय काढला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत पालकही होते. दुकान उघडण्याआधी मुलाला पोहोचवण्याची सोय त्यांना हवी होती.

पालक-शिक्षक संघाची पहिली सभा शाळा सुरू झाल्यावर लवकरच होते. आपल्याकडून तेथे बहुधा घरातील सून एकटी जाते आणि मागच्या बाकावर बसून परत येते. या वर्षी त्या दिवशी दोन तास गल्ला मुनीमजींकडे सोपवावा, पिता-पुत्रांनीही जावे आणि शिस्तीच्या लेखी धोरणाची प्रत सर्वांसमक्ष मागावी.