धरण कोणी खाल्लं?

मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला संगमावर उभं राहिलं की तापी कुठे संपते आणि पूर्णा कुठे सुरू होते, हे कळत नाही. हतनूर धरणाच्या फुगवट्याने दोघींना एक करून टाकलं आहे. हिवाळ्याच्या सकाळी या पाण्यातून वर आलेल्या वाळक्या खोडांवर काळे पक्षी पंख पसरून उन्हं खात बसलेले असतात. हे पाणकावळे. काठावर माशांचा विषय निघाला की बोट त्यांच्याकडेच जातं : ‘या काळ्यांनी धरण खाल्लं.’

हे वाक्य खोटं आहे. पण ते सगळ्यांच्या सोयीचं आहे, म्हणून टिकून आहे.

आधी आरोपी कोण ते पाहू. याचं इंग्रजी नाव ‘कॉर्मोरंट’. ते लॅटिनमधल्या ‘समुद्री कावळा’ या अर्थाच्या शब्दांवरून आलं. मराठीनेही त्याला कावळाच म्हटलं. वास्तविक कावळ्याच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. जगभर त्याचे भाऊबंद समुद्रकिनाऱ्यांवर राहतात. मोठा पाणकावळा तर युरोपच्या खडकाळ किनाऱ्यांवरही सापडतो आणि आपल्या धरणांवरही. समुद्रापासून इतक्या आत, खानदेशात, त्याला पाणी आणि मासा मिळाला, म्हणून तो इथला झाला.

त्याची घडण बुडी मारण्यासाठीच आहे. पायाची चारही बोटं एका पडद्याने जोडलेली. बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जातं. याच्या पिसांच्या बाहेरच्या कडा मात्र भिजतात, त्यामुळे अंगात अडकलेली हवा कमी होते आणि खाली जाणं सोपं पडतं. त्याची किंमत म्हणजे दर शिकारीनंतर पंख पसरून वाळवत बसणं. आपण ज्याला ऐतखाऊचा आराम समजतो, तो कष्टकऱ्याने धुतलेला सदरा वाळत घालण्याचा प्रकार आहे.

आता हिशेब. मोठा पाणकावळा दिवसाला साधारण अर्धा किलो मासे खातो. छोट्या पाणकावळ्याचं स्वतःचंच वजन जेमतेम अर्धा किलो. त्याचा रोजचा घास शंभर ग्रॅम धरला आणि जलाशयावर असे पाचशे पक्षी धरले, तर दिवसाला पन्नास किलो होतात. होडी घेऊन पहाटे निघणाऱ्या भोई-कोळी कुटुंबासाठी पन्नास किलो ही थट्टा नाही, हे मान्य. पण प्रश्न किलोंचा नाही, कोणत्या माशांचा आहे. छोट्या पाणकावळ्याच्या गळ्याखाली बोटा-दोन बोटांचा मासा उतरतो, हातभर कटला नाही. जपानमध्ये गिफूजवळ नागारा नदीवर कोळी शतकानुशतके पाणकावळ्यांकडून मासेमारी करून घेतात. तिथले पक्षी मोठ्या जातीचे, तरी त्यांच्या गळ्याभोवती दोरी बांधतात. मोठा मासा दोरीशी अडकतो आणि माणसाला मिळतो. लहान मासा पक्षी गिळतो, त्याला कोणी अडवत नाही. त्या कोळ्यांनी वाटणी कधीच ठरवून टाकली आहे.

कटला-रोहूची एक मादी लाखांनी अंडी घालते. त्यातली बहुतेक पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात, मग काठावर पाणकावळा असो वा नसो. म्हणून मी उलटा प्रश्न विचारतो. ज्या पाण्यावर पाणकावळे थव्याने पोट भरतात, तिथे लहान मासा आहे, हे उघड आहे. मग मोठा मासा का नाही? लहान मासा मोठा होण्याच्या वाटेवर कोण उभं आहे?

उत्तरं काठावरच पडलेली आहेत. पहिलं, गाळ. तापी आणि पूर्णा दोघी काळ्या मातीतून येतात आणि प्रत्येक पुरात ती माती धरणात टाकतात. तळ वर येतो, खोल पाणी कमी होतं. दुसरं, पाण्याची पातळी. पावसाळ्यात हतनूरचे 41 दरवाजे उघडतात आणि पाण्याबरोबर मासेही खाली जातात. उन्हाळ्यात कालवे, शहरं, दीपनगरचं वीजकेंद्र, सगळ्यांना पाणी लागतं. ज्या उथळ काठांवर पिल्लं वाढतात, तेच आधी उघडे पडतात. तिसरं, नदीतली भिंत. पहिल्या पुराला चढणीला लागणारा मासा धरणाशी येऊन थांबतो. चौथं, मच्छरदाणीसारखं बारीक जाळं. पाणकावळा भूक भागली की थांबतो. जाळं थांबत नाही.

यातल्या एकाही गोष्टीला पंख नाहीत. आणि यातल्या प्रत्येकीसाठी कोणाला तरी जाब विचारावा लागतो : पाटबंधारे खात्याला, मत्स्यव्यवसाय खात्याला, शेजारच्या जाळेवाल्याला, स्वतःलाही. पाणकावळ्याला जाब विचारायला अर्ज करावा लागत नाही. एक गलोल पुरते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली त्याला मारणं गुन्हा आहे, पण काळ्या पाखरासाठी तक्रार करायला जातो कोण?

इथे दुसऱ्या बाजूलाही बोललं पाहिजे. हतनूर हे पक्ष्यांसाठी महत्त्वाचं क्षेत्र म्हणून मान्यता मिळालेलं ठिकाण आहे. हिवाळ्यात दुर्बिणी आणि लांब लेन्स घेऊन माणसं येतात. ती चक्रवाक पाहतात, परदेशी बदकं मोजतात, आणि पाणकावळा मध्ये आला की ‘हा काय, रोजचाच’ म्हणून कॅमेरा वळवतात. जो पक्षी बारमाही इथे राहतो, ज्याच्यावर आरोप होतो, त्याच्या बाजूने साक्ष द्यायला हेच लोक लायक होते. त्यांनी पाहुण्यांचं कौतुक केलं आणि घरच्याला वाऱ्यावर सोडलं.

माझं म्हणणं पक्ष्याच्या प्रेमात पडा असं नाही. नुकतं मत्स्यबीज सोडलेल्या शेततळ्यात पाणकावळ्यांचा थवा उतरला, तर नुकसान होतं. तिथे तळ्यावर जाळी ताणावी, आणि त्यासाठी शेतकऱ्याला मदत मिळावी. जलाशयात बीज सोडायचंच, तर थोडं मोठं करून सोडावं. विणीच्या दिवसांत जाळी बाहेर ठेवावीत, आणि तेवढ्या दिवसांची मजुरी मासेमाराला कोण देणार, हे सरकारने सांगावं. उपाशीपोटी कोणी नियम पाळत नाही.

चांगदेवाने कोरं पत्र पाठवलं आणि मुक्ताईने ते कोरेपण नेमकं ओळखलं, ही गोष्ट या गावाला कोणी सांगायला नको. धरणाच्या बाबतीत आपलंही पत्र कोरंच आहे. दरवर्षी किती मासा होता, किती निघाला, किती गाळ साचला, याची नोंद काठावरच्या माणसाला वाचता येईल अशी कुठे लावलेली नाही. त्या कोऱ्या जागेत आपण एका काळ्या पक्ष्याचं नाव लिहून मोकळे झालो आहोत. ते खोडून तिथे आधी आकडे लिहा. मग कोणाला हाकलायचं ते ठरवू.