बाटविल्या किती, असें विचारणारांस

केडगांव नांवाचीं गांवें दोन. एक आमच्या नगरच्या वेशीला लागलेलें, रेणुकामातेचें, आतां शहराच्या हद्दींत गेलेलें. दुसरें पुणें जिल्ह्यांत, दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनाचें. परका मनुष्य या दोहोंत घोटाळा करतो, त्याचें आम्हांस कांहीं वाटत नाहीं. वाईट वाटतें तें हें कीं, त्या केडगांवचें नांव निघतांच या केडगांवच्या पारावर बसलेल्या शहाण्यांच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडतो : त्या बाईनें बाटविल्या किती? रमाबाई १९२२ सालीं वारल्या. त्यास शंभर वर्षें उलटून गेलीं, पण प्रश्नांत एका अक्षराचा फरक नाहीं.

विचारा, आमची ना नाहीं. परंतु त्याच्या आधीं दुसरा एक प्रश्न येतो, तो हे लोक सफाईनें गिळून टाकतात. त्या बायका तेथें गेल्या कां? १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत माणसें अन्नावांचून वाटेंत पडून मरत होतीं, तेव्हां रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारें ३०० मुली व बायका घेऊन परत आल्या. पुढें १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी आल्या, आणि केडगांवच्या चुलीवर दोन हजारांच्या आसपास माणसांचें अन्न शिजूं लागलें. अहो पंच, या पोरी रस्त्यावर पडल्या होत्या तेव्हां आपण कोठें होतां? प्रायश्चित्ताला पंच हजर, वाळीत टाकण्याला हजर, दंडाच्या जेवणाला तर सहकुटुंब हजर; एका पोरक्या पोरीच्या भाकरीला मात्र गैरहजर!

शारदासदनाची हकीकत तर याहून बोलकी आहे. ११ मार्च १८८९ रोजीं तें मुंबईंत निघालें, १८९० त पुण्यास आलें. विधवांनीं शिकावें, आपल्या पायावर उभें राहावें, हा उद्देश. १८९३ त गहजब झाला कीं, मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात. रानडे-भांडारकरांसारख्यांनीं सल्लागारपण सोडलें, पालकांनीं मुली ओढून नेल्या, 'केसरी'नें आग पाखडली. ठीक. मुलींच्या मनाविरुद्ध धर्म लादूं नये, हें तत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु याच 'केसरी'नें दोनच वर्षें आधीं, १८९१ सालीं, संमतिवयाच्या कायद्याविरुद्ध रान उठविलें होतें. आणि त्या कायद्यांत होतें काय, तर नवऱ्याच्या हक्काची मर्यादा मुलीच्या दहा वर्षांवरून बारा वर्षांवर न्यावी, एवढेंच! दहा वर्षांच्या पोरीची संमति नवऱ्यापुढें कोणी विचारूं नये, आणि तीच पोर विधवा होऊन प्रार्थनेला बसली कीं तिच्या संमतीचा सर्वांस एकाएकीं कळवळा यावा, हा कोठला न्याय?

जोतीराव फुल्यांस हें सोंग आधींच दिसलें होतें. रमाबाईंनीं १८८३ त इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला तेव्हां विद्वानांनीं त्यांच्यावर शिव्यांचा पाऊस पाडला. जोतीरावांनीं १८८५ त 'सत्सार' काढून त्यांची बाजू घेतली. जोतीराव कांहीं ख्रिस्ती झाले नव्हते, आणि रमाबाई तर जन्मानें ब्राह्मण. तरीहि त्यांनीं जात पाहिली नाहीं, बाई कां गेली तें पाहिलें.

आणि स्त्रीशिक्षणाचें बीं जोतीरावांनीं पाहिलें तें आमच्या नगरांतच. मिस फरार ही अमेरिकेची अविवाहित बाई १८२७ त मुंबईस उतरली आणि १८३९ पासून नगरांत मुलींना शिकवीत राहिली. १८६२ त ती येथेंच वारली. सदाशिवराव गोवंड्यांबरोबर जोतीरावांनीं तिची शाळा पाहिली, आणि १८४८ त पुण्यास आपली शाळा काढली. नगरकरांनो, आपल्या शहरांत तिची आठवण कितीजणांस आहे?

आतां पैशाची गोष्ट. मिशनकडे विलायतेचा पैसा, असें म्हणून आमचे लोक हात झटकतात. तो पैसा आला कोठून, हें एकदां पाहा. रमाबाईंसाठीं १८८७ सालीं बोस्टनला मंडळी स्थापन झाली, आणि तिच्या हाताखालीं गांवोगांव बायकांचीं मंडळें निघालीं. सभासदानें वर्षाला एक डॉलर, दहा वर्षें द्यावा, असा नियम. नगरकडे बायका पाठविणाऱ्या अमेरिकन मिशनमागें बोस्टनच्याच बायकांचें १८६८ सालचें स्वतंत्र मंडळ उभें होतें. लूथरन पंथाच्या बायकांनीं तर आंध्रांत गुंटूरला डॉ. ॲना कूगलर पाठविली, तिची कथा ऐकण्यासारखी आहे. पुरुषांच्या मुख्य मंडळाला बाई डॉक्टर नको होती. म्हणून ती १८८३ त पडद्यांतल्या बायकांची शिक्षिका म्हणून आली, औषधांची पेटी घेऊनच आली, दोन वर्षांनीं डॉक्टर म्हणून मान्य झाली, आणि १८९८ त तिचें रुग्णालय उघडलें. तिच्यामागें राजा नव्हता, सावकार नव्हता. रविवारच्या सभेंत जमलेल्या बायकांचे सुटे पैसे होते. आमच्या बायका नवसाला याहून कमी देतात काय? देतात, पण त्या पैशाची किल्ली त्यांच्या कमरेला नसते!

मिशनांच्या हातून चुका झाल्या नाहींत, असें आम्ही म्हणत नाहीं. पोटांत आग असतां माणूस ज्या धर्माला हो म्हणतो, तें हो संपूर्ण मोकळ्या मनाचें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. हा आक्षेप रमाबाईंच्या मुक्तिसदनावरहि राहतो. परंतु त्यांना सरकारची बटीक म्हणणें हें शुद्ध खोटें. १८९७ च्या प्लेगांत पुण्याच्या बायकांची जी विटंबना झाली तिच्याविरुद्ध त्यांनीं वर्तमानपत्रांत उघड लिहिलें, आणि तें प्रकरण विलायतच्या पार्लमेंटापर्यंत गेलें. केडगांवांत त्यांनीं पोरींना नुसत्या प्रार्थना शिकविल्या नाहींत. घाणा, माग, शेती, छापखाना शिकविला. आंधळ्या बायका बोटांनीं वाचूं लागल्या. त्यांनीं स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून साध्या बायकांस समजेल अशा मराठींत बायबल आणलें, आणि त्याचे खिळे जुळविले ते त्याच छापखान्यांतल्या बायकांनीं. ज्यांना आपण अपशकुनी म्हणून दारांत उभें करीत नव्हतों त्यांनीं!

निंदकांतलाहि एक शहाणा निघाला. धोंडो केशव कर्व्यांनीं १८९३ त शारदासदनांतलीच विधवा, गोदूबाई, हिच्याशीं विवाह केला आणि १८९६ त स्वतः अनाथबालिकाश्रम काढला. निंदक म्हटलें तें त्यांना नव्हे, त्यांच्या समाजाला. ओरडण्यापेक्षां घर बांधणें बरें, एवढें त्यांना कळलें. आमच्याकडे काय? जोतीराव-सावित्रीबाईंनीं १८६३ त बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. विठ्ठल रामजी शिंद्यांनीं १९०६ त निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली, तींत त्यांची बहीण जनाक्का राबली. त्यानंतर आम्ही वसतिगृहें काढलीं, कारखाने काढले, बँका काढल्या. तीं पोरांसाठीं, शेअरवाल्यांसाठीं. नवऱ्यानें टाकलेल्या कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या लेकीसाठीं काय काढलें? जयंतीला जोतीरावांना हार घालणारे पुढारी या प्रश्नावर घड्याळ पाहतात.

या जिल्ह्यांत देवस्थानांची संपत्ति थोडी नाहीं. शिर्डीच्या संस्थानानें रुग्णालयें चालविलीं, त्याचें श्रेय त्यांस आहे. परंतु नगरच्या केडगांवांत आज रात्रीं अकरा वाजतां एखादी पोर पदरांत लेकरूं घेऊन घराबाहेर काढली गेली, तर तिनें कोणतें दार ठोठवावें? पारावरच्या शहाण्यांनीं त्या दाराचा पत्ता द्यावा. आम्ही मोठें सदन मागत नाहीं. दोन खोल्या, चार खाटा, एक चूल, आणि त्यांच्या किल्ल्या व हिशेबाची वही गांवच्या बायकांच्याच हातीं. येणारीची जात विचारायची नाहीं, धर्म विचारायचा नाहीं, आणि देवहि शिकवायचा नाहीं. यासाठीं येत्या नवरात्रांत रेणुकामातेच्या यात्रेला येणाऱ्या बायकांनीं प्रत्येकीं एक रुपया वेगळा काढावा, आणि तो पुरुषांच्या कमिटीकडे देऊं नये.